पुरे झाले नाटक!

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरी माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात आणि माझी कंबर दुखू लागते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मला कधीच वाटले नाही. आमच्या सौभाग्यवतींना मात्र तो लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून ठाऊक आहे. यंदाही मी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, डावा हात कमरेवर नेला आणि ‘आई गं’ एवढेच म्हणालो. स्वयंपाकघरातून लगेच आवाज आला, ‘‘पुरे झालं नाटक! चढा वर.’’

मौज अशी की, बाईसाहेब आत अनारशांचे पीठ चाळत होत्या. मी त्यांना दिसतही नव्हतो. प्रयोग न पाहता परीक्षण लिहिणारी मंडळी वर्तमानपत्रातच असतात अशी माझी आजवर समजूत होती.

शिडी धरायला आमची कन्या उभी होती. ती लातूरला शिकवणीच्या वर्गात असते आणि सुटीला घरी आली की आम्हांला नवी भाषा शिकविते. ती म्हणाली, ‘‘बाबा, किती ड्रामा करता हो!’’ ओसरीवर वाती वळत बसलेल्या आईनेही त्यात आपली भर घातली, ‘‘अगं, तो लहानपणापासूनचा सोंगाड्या आहे. शाळेच्या दिवशी पोट दुखायचं आणि दहा वाजून गेले की थांबायचं.’’

एक कंबर आणि तिच्यावर तीन पिढ्यांचे तीन शब्द! आई म्हणते सोंग, बायको म्हणते नाटक, मुलगी म्हणते ड्रामा. माझे आजोबा असते तर चौथा निघाला असता. त्यांच्या जुन्या कागदांवर आमच्या अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद असे आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाचा, कचेरीची भाषा उर्दू. त्यामुळे आजोबा चिडले की ‘तमाशा बंद करा’ म्हणत. शब्द बदलले, पण घरातल्या माणसाच्या दुखण्यावरचा अविश्वास तेवढा वंशपरंपरेने अखंड चालत आला.

मी पडलो मराठीचा मास्तर. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात. शब्दाचे दोन्ही शोधणे हा आमचा धंदा. तेव्हा माळ्यावर चढून, हंडे-कळश्या एकेक करून खाली देता देता मी मनाशी या शब्दांचा विचार करू लागलो.

पहिली गोष्ट म्हणजे, शास्त्राधारे पाहिले तर माझ्या कमरदुखीला नाटक म्हणताच येणार नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रूपकाचे दहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत नाटकाचा मान पहिला. त्याला कथानक प्रख्यात हवे, नायक उदात्त हवा. शिडीच्या पहिल्या पायरीवर कण्हणारा नायक उदात्त म्हणता येत नाही. एकच पात्र येऊन बोलत सुटते त्याला ‘भाण’ म्हणतात. माझा प्रयोग फार तर त्यात मोडेल. पण ‘पुरे झाले भाण’ असे सौभाग्यवती म्हणू लागल्या तर घरात शांतता नांदायची नाही, म्हणून मी ही दुरुस्ती त्यांना सुचविली नाही.

एवढ्या मानाचा हा शब्द, पण त्याला आपल्याकडे डाग लागला तो फार जुना. पेशवाईतल्या कागदपत्रांत ‘नाटकशाळा’ हा शब्द भेटतो. नवखा विद्यार्थी त्याचा अर्थ नाटकगृह असा करतो आणि फसतो. नाटकशाळा म्हणजे नाचणारी, पदरी ठेवलेली बाई. पुढे ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही ऐन दिवाळीच्या सुमारास मराठी रंगभूमी दिन येतो. पण त्या काळी नाटकात गेलेल्या मुलाला घरचे ‘नाटक्या’ म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना कपाळाला आठी पडे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, शिकलीसवरली माणसे तिकीट काढून बसू लागली, नटांना प्रतिष्ठा आली. आठी मात्र गेली नाही. ती नटाच्या कपाळावरून निघून शब्दाच्या कपाळावर जाऊन बसली.

हे आपल्याकडेच झाले असेही नाही. ग्रीक भाषेत ‘ड्रामा’ या शब्दाच्या मुळाशी ‘करणे’ हा साधा अर्थ आहे. काहीतरी करून दाखविणे, कृती, ती ड्रामा. आमची कन्या मात्र काहीच न करता नुसता आरडाओरडा करणाऱ्याला ड्रामा करतो म्हणते! त्याच ग्रीकांकडे नटाला ज्या नावाने हाक मारीत, त्यातून इंग्रजीत ढोंगी माणसासाठी ‘हिपोक्रिट’ हा शब्द आला. बिचारा नट कुठेही जावो, खोटेपणाचे गाठोडे त्याच्याच डोक्यावर.

उलट खरोखरीच्या व्यवहारात आपण नाटकाचे शब्द किती सुखाने वापरतो पाहा. पुढारी आपली ‘भूमिका’ स्पष्ट करतात. ‘भूमिका’ म्हणजे नटाने घेतलेले सोंग, हे श्रोत्यांच्या ध्यानात येत नाही; पुढाऱ्यांच्या येत असावे. निवडणुकीपूर्वी ‘रंगीत तालीम’ होते. चोरी झाली की पोलीस ‘सूत्रधारा’चा शोध घेतात. ‘बतावणी’ हा तमाशातला हसवणारा भाग, पण वर्तमानपत्रात ‘पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लांबविले’ असे वाचले की हसू येत नाही. आमच्या कॉलेजात जूनमध्ये ‘प्रवेश’ सुरू होतात, आणि तुम्ही हातात धरला आहे तोही एक ‘अंक’च.

एकदा तर सरकारनेच नाटकाला नाटक मानायचे नाकारले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, मग सरकारलाही दिसला, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. महाभारतातली कथा आहे, सोंगे आहेत, खोट्या दाढ्यामिश्या आहेत, असे कितीही सांगितले तरी साहेबाला ते खरे वाटले. म्हणजे बघा, ज्याच्या हाती सत्ता असते तोच ठरवितो, नाटक कशाला म्हणायचे आणि खरे कशाला.

हे शेवटचे वाक्य मी वर्गात पुष्कळदा म्हटले आहे. मुले ते उतरवूनही घेतात. पण त्याचा अर्थ मला कळला तो पुस्तकातून नव्हे, आणि ज्या रीतीने कळला ती सांगताना आजही जीभ जड होते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुटी संपून कॉलेज सुरू झाले होते. द्वितीय वर्षाच्या वर्गात मी नाटकाचे स्वरूप शिकवीत होतो आणि चांगलाच रंगात आलो होतो. इतक्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. धारूरच्या बाजूला, बालाघाटच्या डोंगरात त्याचे गाव. तीन आठवडे त्याचा पत्ता नव्हता, आणि आता तो चाचणी परीक्षेला बसता येणार नाही असा अर्ज घेऊन आला होता.

‘‘का बसता येणार नाही?’’ मी विचारले.

‘‘सर, फडावर जावं लागतंय. आई आजारी पडलीय. पोट दुखतंय तिचं, उभं राहता येईना.’’

आमच्या जिल्ह्यात ‘फड’ म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दसरा-दिवाळी आटोपली की बैलगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गावेच्या गावे ओस पडतात. घरी म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे तेवढी राहतात. मलाही हे माहीत होते. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात शब्दांचा खेळ चालला होता. उसाचा फड, तमाशाचा फड! एवढी आयती कोटी समोर चालून आली, ती सोडवेना.

‘‘कोणत्या फडावर निघालास? माझा नाटकाचा तास सोडून तमाशाच्या फडात शिरतोस की काय?’’ मी म्हणालो. वर्ग खो खो हसला. मग मी आवाज चढवून पुढे म्हणालो, ‘‘परीक्षा आली की तुम्हा मुलांच्या आया आजारी पडतात. नाटकं करू नकोस. बस खाली.’’

तो बसला नाही. अर्जाची घडी केली, खिशात घातली आणि निघून गेला. वर्ग अजून हसत होता, आणि मला, खोटे कशाला सांगू, आपला तास आज फारच रंगला असे वाटले.

तो पुन्हा दिसला तो मार्चमध्ये, परीक्षेचा अर्ज भरायला. अंगाने निम्मा झाला होता. सही करताना त्याचा हात माझ्या टेबलावर आला. मनगटापासून कोपरापर्यंत उसाच्या पात्यांनी कापल्याच्या बारीक रेघा होत्या, काही जुन्या, काही ताज्या. मी विचारले, ‘‘आई कशी आहे?’’

‘‘आता बरी आहे, सर.’’ तो खाली बघून बोलत होता. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती हंगामात फेडायची असते. दोघांतले एक अंथरुणाला खिळले की कोयता अर्धा होतो. दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचे पैसे अंगावर चढतात ते वेगळेच. आईच्या जागी हा उभा राहिला होता. चार महिने त्याने ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहिल्या.

‘‘डॉक्टर पिशवी काढा म्हणत होते. वडलांनी नको म्हटलं, गोळ्यांवर भागलं,’’ तो म्हणाला. मग जरा थांबून, तक्रारीचा सूर न काढता, सहज सांगावे तसे त्याने सांगितले, ‘‘मुकादमाला आधी खरं वाटलं नाही, सर. म्हणला, नाटकं करायलीय बाई. मग ती फडातच पडली, तवा दवाखान्यात न्यायला गाडी दिली.’’

मी काही बोलू शकलो नाही. मुकादम काही नाट्यशास्त्र शिकलेला नव्हता. मी शिकलो होतो, एम. ए. झालो होतो, आणि तरी आम्हा दोघांच्या तोंडून त्या माय-लेकरांसाठी एकच शब्द निघाला होता.

पिशवी काढणे म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पोटातले दुखणे अंगावर काढायचे, खाडा पडू द्यायचा नाही, आणि शेवटी गर्भाशयच काढून टाकून मोकळे व्हायचे, असे कितीतरी घरांत झाले. २०१९ साली यावर फार ओरड झाली तेव्हा सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. हा आकडा मी तेव्हा पेपरात वाचला होता आणि हळहळलोही होतो. त्या आकड्यातल्या किती जणींना दुखणे सांगितल्यावर पहिल्यांदा ‘नाटक’ हा शब्द ऐकावा लागला असेल, हा प्रश्न मात्र तेव्हा मला सुचला नव्हता.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. ज्याच्या घरी पैशाचे सोंग आणता येत नाही, त्याला दुखण्याचे सोंग तरी कसे परवडणार? कमरदुखीचे नाटक मला शोभते, कारण माझा पगार एक तारखेला होतो. फडावरच्या बाईला ते करायचे तर खाड्याचे पैसे मोजून करावे लागेल.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो. माफी मागायची असे ठरवून गेलो होतो, रात्री दोन-चार वाक्ये जुळवूनही ठेवली होती. पण मास्तराची भूमिका अंगात इतकी मुरलेली असते की ती वाक्ये ओठांवर येईनात. शेवटी मी फळ्यावर ‘फड’ हा शब्द लिहिला. त्याचे सगळे अर्थ सांगितले. मग म्हणालो, ‘‘दिवाळीनंतर या शब्दावर मी एक कोटी केली होती. ती चुकीची होती. मी तसं बोलायला नको होतं.’’ वर्गात कुणी हसले नाही. तो मागच्या बाकावर वहीत डोके घालून बसला होता. तास सुटल्यावर जाता जाता म्हणाला, ‘‘असू द्या, सर.’’ एवढेच.

तेव्हापासून या शब्दाकडे मी जरा उलट्या बाजूने पाहू लागलो आहे. नाटक म्हणजे नसलेले दुःख दाखविणे, अशी आपली समजूत. पण असलेले दुःख न दाखविणे, हे त्याहून केवढे अवघड नाटक! १२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्याच ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. ते रंगमंचावर भामिनी होऊन उभे राहिले आणि गायिले. प्रेक्षकांना दिसले ते भामिनीचे नाटक, आणि बापाचे दुःख आतल्या आत राहिले.

आपल्या घरांतही असे प्रयोग रोज होतात. त्यांना तिकीट नसते, म्हणून आपल्याला ते दिसत नाहीत. आमची आई रोज सकाळी पोथी वाचते. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याजवळ पेपर वाचत बसलो होतो. तिने पान उलटले. एक नव्हे, दोन पाने एकदम उलटली गेली. पण तिच्या तोंडची एकही ओवी मधली सुटली नाही. मी पाहतच राहिलो. मग हळूच पोथीचे भलतेच पान तिच्यापुढे धरले. ती आपली आधीच्या ओवीवरून पुढच्या ओवीवर शांतपणे चालली होती.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. वर्षभर तिला अक्षर दिसत नव्हते. पाठ असलेली पोथी ती डोळ्यांपुढे धरून बसत होती, चष्मा पुसत होती, पाने उलटत होती. ‘‘सांगितलं का नाहीस?’’ मी चिडून विचारले. ती म्हणाली, ‘‘पोरीच्या लातूरच्या क्लासची फी भरायची होती ना रे तुला. मला काय धाड भरली होती? सगळं पाठच तर आहे.’’

वर्षभर चाललेला हा प्रयोग आम्ही रोज पुढच्या रांगेत बसून पाहिला होता. त्याला मात्र कुणी नाटक म्हटले नाही.

सरकारी दवाखान्यात तिची दोन्ही ऑपरेशने झाली. आता तिला सगळे दिसते. जरा जास्तच दिसते, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. तो मुलगा बी. ए. झाला. यंदा दिवाळीपूर्वी धारूरच्या डोंगरातली पिशवीभर सीताफळे घेऊन घरी येऊन गेला. आईने पाठविली म्हणाला. मी ती दोन्ही हातांनी घेतली.

असो. तर मी माळ्यावर होतो. सगळी भांडी खाली दिली आणि शेवटचा पितळी घंगाळ उचलायला वाकलो, तो कमरेत खरोखरीच लचक भरली. डोळ्यांपुढे अंधारी आली. पण आता कोणत्या तोंडाने सांगणार? मी दात आवळले, शिडीवरून सावकाश उतरलो, हात झटकले आणि ‘झालं बुवा एकदाचं’ असे म्हणून शीळ घालीत आरामखुर्चीकडे निघालो.

ओसरीवरून आईने मान वर केली. नव्या डोळ्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि आत हाक दिली, ‘‘सूनबाई, तेल गरम कर गं जरा.’’

‘‘कशाला? मला काही झालेलं नाही,’’ मी घाईघाईने म्हणालो. ‘‘ठणठणीत आहे मी.’’

सौभाग्यवती हातात तेलाची वाटी घेऊन बाहेर आल्या. मघाचेच ते शब्द, पण आवाज मघाचा नव्हता.

‘‘पुरे झालं नाटक,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पालथे पडा.’’